डावीकडची खूण

कमलेशच्या मुलीचं, साक्षीचं, बारसं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. दिवाळी नुकतीच सरली होती. अंगणात मांडव घातला होता आणि पाहुण्यांच्या पंगतीत साक्षीचा आजा, कमलेशचा बाप, सदा तांडेल, पहिल्या पानावर बसला होता. त्याच्या बायकोनं, केसरनं, स्वतःच्या हातानं त्याला वाढलं. उजवीकडे भात आणि कालवण, डावीकडे तळलेल्या पापलेटाची तुकडी. सदानं भात संपवला, कालवण संपवलं, हात धुतला आणि उठला. तुकडी पानावर होती तशीच राहिली.

केसरला लाज वाटली. सुनेच्या माहेरची माणसं बघत होती. आत गेल्यावर तिनं नवऱ्याला झाडलं, की माझ्या हातचं पापलेट टाकायचंच होतं तर घरात टाकायचं, चारचौघांत कशाला. सदा तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "कुठलं पापलेट?"

तो चेष्टा करतो आहे असं तिला वाटलं. सदाला चेष्टेची सवय होतीच.

मग त्या हिवाळ्यात अशा गोष्टी होत गेल्या. दाढी करून यायचा तर उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्यावर खुंट तसेच. डाव्या पायातली वहाण वाटेत कुठं निसटली ते कळायचं नाही. घराच्या दाराची डावी चौकट त्याच्या खांद्याला रोज लागायची, जसं काही ते दार त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. केसर म्हणायची, वय झालं. कमलेश नोकरीसाठी उरणला राहायला गेला, त्याचं मनाला लागलं असेल. ती त्याला बोलायची, तो ऐकून घ्यायचा, आणि पुन्हा अर्धं ताट टाकून उठायचा.

घरातलं घरात राहिलं असतं. पण सदाचं निम्मं आयुष्य पाण्यावर होतं.

त्यांचा कोळीवाडा रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी. तिथं पुष्कळ घरं डोलीची मासेमारी करतात. डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखं जाळं. समुद्राच्या तळात लांब खुंट ठोकलेले असतात, त्यांना डोल बांधायची. भरती-ओहोटीच्या ओढीनं मासळी आपोआप आत शिरते. भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ नसते, तेव्हा जाळी किनाऱ्यावर आणतात. उधाण लागलं की पुन्हा जाऊन बांधतात. खुंट कोणाचा कुठं ते आजापणजापासून ठरलेलं. वर दिसतो तो नुसता निळ्या पिंपाचा तरंगता बोया, आणि तो सगळ्यांचा सारखाच.

तरुण पोरांच्या होड्यांवर आता जीपीएस असतं. सदासारखे जुने लोक खुणांवर जातात. खुणा दोन. पाठ समुद्राला आणि तोंड किनाऱ्याला करायचं. उजव्या हाताला कोर्लईचा दिवा दिसतो, तो मागच्या डोंगराच्या खाचेत बसला की माणूस आपल्या रेषेवर आला. मग त्या रेषेवरूनच बाहेर सरकत जायचं, डाव्या हाताला चौलच्या डोंगरावरचं दत्ताचं देऊळ सुरूच्या झाडांच्या शेंड्यांवर चढेपर्यंत. उजवी जुळली आणि डावीही जुळली, की होडीच्या खाली तुमचा खुंट. एकट्या उजव्या खुणेवर भागत नाही, कारण एका रेषेवर खुंट दोन-चार असतात. सदाच्या रेषेवर, किनाऱ्याकडे थोडा अलीकडे, रघूचा खुंट होता.

रघू म्हणजे सदाचा बाळपणचा सोबती. रघूचा बाप लवकर गेला, तेव्हा त्याला होडीत घेऊन या खुणा शिकवल्या त्या सदानंच.

त्या हंगामात सदाच्या होडीवर दोन खलाशी होते, दोघंही बाहेरगावचे, नवखे. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, थांब म्हणाला की थांबायचं, बांध म्हणाला की बांधायचं. भांग सरला, उधाण लागलं, आणि सदानं आपली डोल रघूच्या खुंटाला बांधली. रघू हसला आणि म्हणाला, म्हातारा चष्मा घरी विसरला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच झालं. तेव्हा रघू हसला नाही. पौष महिन्यात तिसऱ्यांदा झालं, तेव्हा त्यानं बंदरावर, सगळ्यांच्या देखत, सदाला चोर म्हटलं.

सदा म्हणाला, मी माझ्याच खुंटावर गेलो होतो.

तो हट्टानं असं म्हणाला नसता आणि चुकलो म्हणाला असता, तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण सदाला जे दिसलं तेच तो सांगत होता. कोर्लईचा दिवा खाचेत बसला होता. मग खुंट दुसऱ्याचा कसा?

रघूनं शपथ घेतली की सदा कबूल होईपर्यंत मी त्याच्या होडीला हात लावणार नाही. ही शपथ साधी नव्हती. पावसाळ्याच्या तोंडावर कोळीवाड्यातल्या होड्या भरतीच्या पाण्यावर ओढून वर काढतात. पन्नास माणसं दोराला लागतात, आणि त्यांना हाळी देतो रघू. त्याच्या हाळीवाचून दोर कोणी ओढत नाही. पन्नास हात एका दमात लागले नाहीत तर होडी कलंडते. म्हणजे रघू नाही तर कोणीच नाही. खाडीच्या चिखलात राहिलेली होडी पहिल्या मोठ्या वादळात फुटते. आणि सदाला चोर हा शब्द कायमचा चिकटला असता.

माघात सदा धक्क्यावर पडला. डावा हात थरथरत होता, तोंडाला फेस आला होता. कमलेशनं त्याला मुंबईला नेलं. तिथं डोक्याचे फोटो काढले, कवटी उघडली, जेवढं काढता आलं तेवढं काढलं. मोठ्या डॉक्टरांनी केसरला समजावलं की मेंदूत ज्या पेशी इतरांना आधार देतात, त्याच वेड्यासारख्या वाढल्या आहेत. पावसाळा पुरा बघतील असं धरून चालू नका, असंही सांगितलं. मग किरणांचे शेक झाले. चैत्र सरता सरता सदानं घरी न्या असा हट्ट धरला, तेव्हा त्याला घरी आणलं.

येताना इस्पितळानं एक इंग्रजी कागद दिला आणि प्लास्टिकची एक चपटी डबी. डबीत काचेच्या पाच पट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टीवर नखाएवढा गुलाबी डाग.

घरी आल्यापासून सदा खिडकीशी खाटेवर पडलेला असायचा आणि दिवसातून एकदा तरी विचारायचा, होडी वर घेतली? केसर म्हणायची, घेऊ. बंदरावर तिनं दोघा-तिघांना आजाराचं सांगून पाहिलं. ते रघूकडे गेले. रघूचं उत्तर असं होतं की आजार खरा असेल, मी कुठं नाही म्हणतो. पण डोकं बिघडलेला माणूस कुठंही भटकला असता. इतके खुंट आहेत, साऱ्या समुद्रात जागा आहे. हा तिन्ही वेळा नेमका माझ्याच खुंटावर कसा आला?

हा प्रश्न केसरलाही छळत होता. चाळीस वर्षं ज्याच्या शेजारी काढली तो चोर असेल असं तिला वाटत नव्हतं. पण नाही असं छातीवर हात ठेवून म्हणताही येत नव्हतं.

वैशाखाच्या सुरुवातीला तिनं ती डबी पदरात बांधली, सुक्या बोंबलांची जुडी पिशवीत टाकली आणि मिनीडोर रिक्षामध्ये बसून अलिबागला गेली. अलिबागला डॉक्टरकीची पोरं शिकतात त्या कॉलेजात तिच्या भावाची मुलगी प्राची कामाला होती. मेणात बसवलेल्या तुकड्यांचे काप काढून काचेवर चढवायचे, हे तिचं काम. कापायला पोर हुशार. लहानपणी आत्याच्या मांडीला मांडी लावून जवळा, म्हणजे बारीक सुकी कोलंबी, निवडायला बसायची, तेव्हाही तिच्या हातून एक काडी सुटत नसे.

केसर म्हणाली, "बाय, त्या डॉक्टरानं सांगितलं ते मी ऐकलं. आता मना बघायचं हाय."

प्राचीनं तिच्या मॅडमना विचारलं. नूतन मॅडम तिथं शिकवायच्या, मध्यम वयाच्या, केस अर्धे पांढरे. जेवणाच्या सुट्टीत वर्ग रिकामा असतो तेव्हा या, असं त्या म्हणाल्या, आणि आपला डबा बाजूला ठेवून स्वतःही आल्या.

प्राचीनं आधी तिच्या कामाची कापायची पाती दाखवली. एका कागदाच्या जाडीत असे वीस-पंचवीस काप बसतात, असं ती म्हणाली. केसरनं जन्मभर मासळी कापली होती. तिला ते खरं वाटेना.

मग तिनं पोरांना शिकवायची, निरोगी मेंदूची एक काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि केसरनं त्या यंत्राला डोळा लावला. काहीच दिसेना. नुसतं काळं, आणि आपल्याच पापण्या.

"आत्या, डोळा जरा मागं घे. जवळा निवडताना बघतेस तशी बघ. नजर सैल सोड."

केसरनं नजर सैल सोडली, आणि उजेड पसरला. कोऱ्या चहाला उन्हात धरल्यावर जसा रंग दिसतो, तसा सोनेरी उजेड. त्यात काळे तारे होते. एक नाही, दोन नाही, जिकडं बघावं तिकडं. प्रत्येक ताऱ्याला आठ-दहा हात, प्रत्येक हाताला पुढं फाटे, आणि त्या फाट्यांना आणखी बारीक तंतू, इतके बारीक की संपले कुठं ते कळू नये. एकाचा हात दुसऱ्याच्या हाताजवळ पोचलेला. मधे जागा रिकामी म्हणून नव्हतीच.

प्राचीनं चकती हळू फिरवली तसे तारे सरकले, नवे आले. एका जागी काप ओलांडून जाणारी एक नळी दिसली. ताऱ्यांनी आपला एकेक हात लांब करून त्या नळीवर पाऊल टेकवल्यासारखा टेकवला होता.

प्राची म्हणाली, ही नळी रक्ताची. इतकी अरुंद की रक्ताचे कण तिच्यातून एकामागे एक, रांगेनं जातात. हे तारे म्हणजेच आधार देणाऱ्या पेशी. एक पाय रक्ताच्या नळीवर, बाकीचे हात बोलणाऱ्या पेशींपाशी. इकडून घेऊन तिकडं पोचवायचं.

"बोलनाऱ्या म्हंजे?"

तेव्हा नूतन मॅडमनी सांगितलं. हात हलव, डोळा उघड, हा आवाज ओळखीचा आहे, असे निरोप मेंदूत इकडून तिकडं जातात. ते निरोप देणाऱ्या पेशी वेगळ्या, त्यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. हे तारे त्यांच्या भोवती असतात. त्यांना खाऊ घालतात. बोलून झाल्यावर बाहेर जो खार सांडतो तो उचलून घेतात, नाहीतर पुढचं बोलणं होणारच नाही. मोडलेलं-तुटलेलं वेचून साफ करणारे आणखी वेगळे, अगदी लहान, सारखे फिरत असतात. मॅडम हसून म्हणाल्या, "आमच्या विद्येत यांचं जे नाव आहे त्याचा मूळ अर्थ डिंक. जुन्या शहाण्यांना वाटलं, हे नुसतं चिकटवायला आहेत. आता कळतंय की यांच्यावाचून कोणी बोलूच शकत नाही. आणि अजून पुष्कळ कळायचं राहिलंय."

केसरनं विचारलं, हा काचेवरचा तुकडा केवढा, जो आता दिसतो तेवढाच? प्राची म्हणाली, मिठाच्या खड्याहून लहान. आणि डोक्यात असे तारे किती? प्राचीनं जरा विचार केला. ती आकडा सांगू शकली असती, पण तिनं आत्याच्या ओळखीचं माप घेतलं.

"तू जन्मात जेवढा जवळा वाळवलास ना आत्या, तो सगळा एका जागी ओत. त्याचा दाणा न् दाणा मोज. तरी पुरणार नाही."

केसरच्या डोळ्यांसमोर पन्नास वर्षांचा जवळा आला. अंगणभर पसरलेला, गुलाबी, उन्हात चमचमणारा, टोपल्यांनी, गोण्यांनी. एका माणसाच्या एका डोक्यात त्याहून जास्त. तिनं नकळत स्वतःच्या कपाळाला हात लावला.

प्राचीनं दुसरी काच ठेवली. ही गुलाबी होती. लांब लांब तंतू एका दिशेनं गेलेले, आणि त्यांच्यामधे निळे गोल ठिपके ओळीनं बसलेले, एकामागे एक, सरळ. बोंबील वाळत घालायला बांबूची वलांडी उभारतात, दोरीवर बोंबील ओळीनं लटकतात, अगदी तसे. केसरला हसू आलं. तिनं तसं सांगितलं तेव्हा मॅडमही यंत्रात बघायला वाकल्या आणि म्हणाल्या, खरंच की. पंचवीस वर्षं शिकवते, मला नाही सुचलं.

या ओळीतल्या पेशी निरोपाच्या तंतूंभोवती आपल्या अंगाचे वेढे गुंडाळतात, असं त्यांनी सांगितलं. दोरीवर सुतळी आवळून गुंडाळावी तसे. वेढे बसले की निरोप वेगानं धावतो. आईच्या पोटातच हे काम सुरू होतं आणि पुढं वर्षानुवर्षं चालतं. मान धरणं, बसणं, उभं राहणं, जसजसे वेढे बसतात तसतसं मूल शिकतं.

साक्षी त्याच आठवड्यात आधारावाचून बसायला लागली होती. केसरला वाटायचं, पोर भात-पेजेवर वाढते. आता तिला दिसलं की त्या चिमुकल्या डोक्यात या घटकेलाही कोणीतरी सुतळी गुंडाळतंय, आवाज न करता, कोणी न सांगता.

"कोन बांधतं गो हे?" तिनं विचारलं.

"कोणी नाही, आत्या. त्याच बांधतात."

मग केसरनं पदराची गाठ सोडली आणि डबी पुढं केली.

सदाची काच ठेवली तेव्हा तिनं लगेच डोळा लावला नाही. पदर सारखा केला, मग वाकली. इथं ओळ नव्हती. जिकडंतिकडं निळ्या-जांभळ्या ठिपक्यांची दाटी, लहान, मोठे, वाकडे, एकमेकांच्या अंगावर चढलेले. मधे एक फिकट जागा होती, सगळं मेलेलं, आणि तिच्याभोवती ठिपके कोंडाळं करून उभे. वाऱ्यानं वलांडी कोसळावी आणि बोंबलांचा ढीग व्हावा, तसं सगळं. पण तेही बारीक होतं, रेखीव होतं. तिला त्याची किळस आली नाही.

"यातला वाईट कुठला?"

"हेच तारे, आत्या. बाहेरून काही आलेलं नाही."

इतके दिवस केसरला वाटत होतं की सदाच्या डोक्यात काही शिरलं. किडा, विष, कोणाची नजर. ज्याच्यावर राग काढावा असं काहीतरी. त्या काचेवर तसं कोणी नव्हतं. जे सांभाळायला बसले होते तेच होते.

ती काचेजवळ बोट नेऊन थांबली. "ह्यो सदा," ती म्हणाली, आणि ते तिनं विचारलं नव्हतं.

मग तिनं मॅडमना विचारलं की हा तुकडा डोक्यात कुठला. मॅडमनी इंग्रजी कागद वाचला, उठल्या, आणि आपला तळवा केसरच्या उजव्या कानाच्या मागं, जरा वर ठेवला.

"इथला. ही जागा आपल्याला डाव्या बाजूचं भान देते. ती बिघडली की माणसाला डावीकडे अंधार दिसतो असं नाही. डोळे चांगले असतात. पण डावी बाजू म्हणून काही आहे, हेच त्याच्यापुरतं संपतं. काही हरवलंय हेसुद्धा त्याला कळत नाही."

केसरला पापलेट आठवलं. कुठलं पापलेट, असं सदानं विचारलं होतं. मग दाढी, मग वहाण, मग दाराची चौकट. सारा हिवाळा ती त्याला बोलत होती आणि तो समजून घ्यायचा प्रयत्न करत तिच्या तोंडाकडे बघत होता. ती स्टुलावर बसली. आणि बसल्या बसल्या तिच्या मनासमोर कोर्लईचा दिवा आला, सदाची उजवी खूण.

"मॅडम, उजवीकडचं बरोबर कळतं?"

"अगदी बरोबर."

"मंग प्राची," ती म्हणाली, "मना आनखी एकाला हितं आनायचं हाय."

रघू आपल्या होडीच्या सावलीत जाळं सांधत बसला होता. केसर समोर उभी राहिली तरी त्याची सुई थांबली नाही.

"वयनी, कागद वाचून दाखवाया आलीस काय?"

"कागद मना बी वाचता येत न्हाय, तुमाला बी न्हाय. डोळं हायत नं दोघांना? बघा, आन मंग चोर म्हना."

रघू म्हणाला की काचेत बघून चोरी दिसते हे नवीनच ऐकतो. पण दुसऱ्या दिवशी तो आला. मिनीडोरमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसला.

वर्गात प्राचीनं आधी सोनेरी काच ठेवली. रघूला नजर सैल सोड म्हणून सांगावं लागलं नाही. तो वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. त्याची बोटं आपोआप हलत होती, सुई धरल्यासारखी. मग त्यानं हळूच विचारलं की ही सगळी गुंफण उकलली तर पुन्हा घालता येईल काय. मॅडम म्हणाल्या, अजून कोणाला आलेली नाही. रघूनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. देवळाच्या पायरीवर काढतात तशी. मग त्यानं सदाची काच पाहिली, तीही तितकाच वेळ.

केसरनं त्याला डावीकडचं सांगितलं, की सदाला उजवी खूण जुळते पण डावी उरलीच नाही, म्हणून रेषेवर आधी लागणारा रघूचा बोयाच त्याला आपला वाटतो. तो ऐकत होता. येताना रेवदंड्याच्या नाक्यावर उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, "दिसलं ते दिसलं. पन मी सदाला इचारीन."

सदाला आता दोन वाक्यांत दम लागायचा. त्याला पुन्हा कोणी चोर म्हटलं असतं तर तो तेच घेऊन गेला असता.

रघू संध्याकाळी आला. खाटेच्या डाव्या अंगाला बसला आणि हाक मारली. सदाचं तोंड उजळलं, आणि तो उजवीकडे शोधायला लागला, भिंतीवर, दारात. "रघ्या आला न गो? कुठं हाय?" रघू हातभर अंतरावर बसला होता. केसरनं त्याला उठवून उजवीकडे आणलं.

"हां, ह्यो बघ," सदा म्हणाला. "होडी वर घ्याया आलास?"

"घेऊ. आदी मना एक सांग. तू खुंटावर हायस. तोंड किनाऱ्याला. काय काय दिसतं?"

सदानं डोळे मिटले. कोर्लईचा दिवा, तो म्हणाला. मागं किल्ल्याची भिंत. खाडीचं तोंड. मग थांबला.

"आनखी?"

"आनखी काय? येवढंच."

दत्ताचं देऊळ नाही. ज्यानं रघूला ते देऊळ सुरूच्या शेंड्यावर चढवायला शिकवलं, त्याला ते आठवलं नाही. रघूच्या कपाळावर आठी पडली. केसरला वाटलं, याला हे सोंग वाटतंय. रघूलाही तसंच वाटत होतं, आणि म्हणून त्यानं फास टाकला.

"बरं. आता तू बंदरावर हायस. पाठ गावाला, तोंड समुद्राला. आता काय दिसतं?"

असं उभं राहिलं की उजवं-डावं फिरतं. चौल-नागाव उजव्या हाताला येतं आणि कोर्लई डावीकडे, अगदी जवळ, खाडीच्या पलीकडं. सोंग करणारा मघाशी जे विसरला तेच आताही विसरेल, असा रघूचा हिशेब होता.

सदा मिटल्या डोळ्यांनी हसला. "तुना म्हाईत न्हाय? दत्ताचा डोंगर. सुरूची झाडं. त्याच्याफुडं नागावचं पुळण. लांब अलिबागचा किल्ला, भरतीला पान्यात उभा."

"आन कोर्लई?"

"कोर्लई हितं कुठली, रघ्या?"

खिडकीतून, डाव्या हाताला, कोर्लईचा डोंगर उन्हात पिवळा झालेला सरळ दिसत होता.

रघूनं सदाचा डावा हात उचलला. तो हात सदाच्या अंगावर दुसऱ्या कोणाचा असावा तसा पडला होता. रघूनं तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ बसून राहिला. सदाला ते कळलं नाही. तो मासळीचं विचारत होता, यंदा कोलंबी कशी हाय, वाऱ्याचा रंग काय हाय.

दारात आल्यावर रघू केसरला म्हणाला, "खोटं बोलनारा मानूस लपवलेली चीज एका जागी ठेवतो, वयनी. याची तर तोंड फिरवलं की जागा फिरते. मना सगळा समुद्र म्हाईत हाय असं वाटायचं." मग पायरी उतरता उतरता, मागं न बघता, "पुनवेच्या भरतीला काढू. मी सांगतो सगळ्यांना."

आणि त्यानं सांगितलं. पुनवेच्या दुपारी खाडीला पाणी फुगलं, माणसं दोराला लागली, तेव्हा हाळी देण्याआधी रघू होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, चढला. त्यानं सोनेरी तारे सांगितले, वलांडीसारखी ओळ सांगितली, कोसळलेली वलांडी सांगितली. सगळ्यांना सगळं समजलं नसेल. पण तो शेवटी म्हणाला की सदा तिन्ही वेळा बरोबर रेषेवर आला होता, अर्ध्या मेंदूनं आला होता, आणि आपल्यातला पुऱ्या मेंदूचा कोण जीपीएसवाचून येऊन दाखवतो? तेव्हा तरुण पोरांनी माना खाली घातल्या आणि म्हाताऱ्यांनी दोर घट्ट धरला.

सदाला खुर्चीत घालून बांधावर आणलं होतं. केसर मागं उभी होती. होडी खाडीतून, त्याच्या डाव्या अंगानं यायची होती. रघूनं हाळीसाठी तोंड उघडलं, आणि मिटलं. तो दोर ओलांडून बांधावर आला, खुर्ची दोन्ही हातांनी उचलून फिरवली, सदाचं तोंड गावाकडे केलं, खाडी त्याच्या उजव्या हाताला येईल अशी. मग परत गेला आणि हाळी दिली.

पहिल्या दमाला होडी चिखलातून सुटली. सदानं मान वळवली आणि त्याला ती पुरी दिसली, नाळेपासून सुकाणूपर्यंत, पाणी गाळत वर येताना.

सदा तांडेल ८ जून २०२४ रोजी, शनिवारी, दुपारच्या भरतीच्या वेळी आपल्या घरात वारला. होडी अंगणात होती.